आयईपीच्या कागदावर सही करण्याआधी: अमेरिकेत पालकांना त्यांच्या भाषेत समजून घेण्याचा हक्क

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत मूल बोलण्यात, वाचण्यात किंवा वागण्यात कुठे अडखळतंय असं शिक्षकांच्या लक्षात आलं, की घरी कागद यायला लागतात. आधी मूल्यमापनाची परवानगी मागणारा फॉर्म. मग शाळेच्या मानसशास्त्रज्ञांचा आणि स्पीच थेरपिस्टचा अहवाल. मग मीटिंगचं बोलावणं, आणि शेवटी आयईपी, म्हणजे इंडिव्हिज्युअलाइज्ड एज्युकेशन प्रोग्रॅम. त्या एका मुलासाठी आखलेला वर्षभराच्या शिक्षणाचा हा आराखडा बऱ्याचदा वीस-तीस पानांचा भरतो, आणि वाटेत ठिकठिकाणी आईवडिलांची सही मागितली जाते.

ही सही कायद्याच्या नजरेत संमती कधी ठरते? केंद्रीय नियमांनी संमतीची जी व्याख्या केली आहे, तिच्यातच उत्तर आहे. ज्या गोष्टीसाठी सही मागितली जाते आहे तिची सगळी माहिती पालकांना त्यांच्या मातृभाषेत मिळालेली असली पाहिजे, ती त्यांना समजलेली असली पाहिजे, सही स्वखुशीने झालेली असली पाहिजे आणि ती पुढे कधीही मागे घेता आली पाहिजे. यातलं मातृभाषेचं कलम मराठी घरांमध्ये फारसं कुणी वापरत नाही. "आपल्याला इंग्रजी येतं की" म्हणून विषय संपतो. तो तिथे संपू नये, असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हा हक्क आला कुठून

1970 च्या सुमारास कॅलिफोर्नियात एक खटला झाला, डायना विरुद्ध स्टेट बोर्ड ऑफ एज्युकेशन. मॉन्टेरे काउंटीतल्या नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांना बुद्ध्यंक चाचणीच्या आधारे मतिमंद मुलांच्या वर्गात घातलं होतं. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या या मुलांची चाचणी मात्र इंग्रजीत घेतली होती. त्यांना स्पॅनिश येणाऱ्या तज्ज्ञाकडे पुन्हा बसवलं तेव्हा बहुतेकांचे गुण त्या वर्गाच्या मर्यादेच्या वर गेले. खटला तडजोडीने मिटला आणि मुलाची चाचणी त्याच्या भाषेतही घ्यायची, हे राज्याने मान्य केलं.

1974 मध्ये लाऊ विरुद्ध निकोल्स हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांमधली सुमारे 1,800 चिनी भाषक मुलं इंग्रजी न समजता वर्गात बसत होती आणि त्यांना कसलीही वेगळी मदत नव्हती. सगळ्यांना एकच पुस्तक, एकच शिक्षक आणि एकच वर्ग दिला म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्याला आधार होता 1964 च्या सिव्हिल राइट्स कायद्याच्या सहाव्या भागाचा, ज्याला सगळे टायटल सिक्स म्हणतात. केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या संस्थेने वंश, वर्ण किंवा मूळ देश यावरून भेदभाव करायचा नाही, असं हा भाग सांगतो. भाषा न समजल्यामुळे माणूस बाहेर राहत असेल, तर तेही याच कलमात येतं.

पुढच्याच वर्षी, 29 नोव्हेंबर 1975 ला, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. त्या वेळी अशी सुमारे दहा लाख मुलं सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत, असं काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्या कायद्यातच नोंदवलं आहे. 1990 पासून हा कायदा आयडिया या नावाने ओळखला जातो, आणि 2004 मध्ये तो मोठ्या प्रमाणात सुधारला गेला. आईवडिलांना आयईपी ठरवणाऱ्या टीमचे सदस्य मानणं, हा या कायद्याचा कणा आहे. मीटिंगमध्ये तुम्ही पाहुणे नसता. टेबलाभोवतीच्या शिक्षिका, थेरपिस्ट आणि डिस्ट्रिक्टचे (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेचे) प्रतिनिधी यांच्याइतकाच तुमचाही शब्द तिथे मोजला जायला हवा. भाषेचे सगळे नियम यातूनच निघतात, कारण जो सदस्य चर्चा समजू शकत नाही तो नावापुरताच सदस्य उरतो.

शाळेला नेमकं काय करावं लागतं

आयईपी मीटिंगमध्ये काय चाललं आहे ते पालकांना समजावं यासाठी लागेल ते शाळेने करायचं आहे. दुभाषी आणणं हे त्यात नावानिशी लिहिलं आहे, ज्यांना ऐकू येत नाही अशा पालकांसाठी आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांसाठीही. त्याचा खर्च शाळेचा. प्रायर रिटन नोटिस, म्हणजे शाळा एखादी गोष्ट करणार आहे किंवा करायला नकार देते आहे हे कारणांसकट सांगणारं पत्र, पालकांच्या भाषेत द्यायचं आहे. ते उघडपणे अशक्य असेल तरच सूट. पालकांच्या हक्कांची जी पुस्तिका वर्षातून निदान एकदा मिळते, तिलाही हाच नियम.

इथे एक गाळलेली जागा आहे. आयईपीचा लेखी अनुवाद दिलाच पाहिजे असं आयडियामध्ये थेट लिहिलेलं नाही. आयईपीची प्रत फुकट द्यायची, एवढंच त्यात आहे. पण अनुवादाशिवाय पालकांना सहभागी होता येत नसेल, तर टायटल सिक्सखाली तो मागता येतो. काही राज्यं पुढे गेली आहेत. कॅलिफोर्नियात पालकांनी मागणी केली, की आयईपीची प्रत त्यांच्या भाषेत द्यावी लागते.

मराठी माणसासाठी यातली कळीची गोष्ट संख्येची. कॅलिफोर्नियातच दुसरा एक नियम आहे, की शाळेतल्या 15 टक्के किंवा त्याहून जास्त मुलांची घरची भाषा एकच असेल, तर पालकांना जाणाऱ्या सूचना त्या भाषेतही पाठवायच्या. मराठी तिथवर पोचणं कठीण. त्यामुळे शाळेच्या वेबसाइटवर भाषांच्या यादीत मराठी दिसत नाही, आणि आपण समजतो की आपल्यासाठी सोय नाही. आयईपीच्या मीटिंगचा नियम मात्र डोकी मोजत नाही. अख्ख्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठी बोलणारं घर एकच असलं, तरी त्या घराला दुभाषी मागता येतो. फोनवरून किंवा व्हिडिओवरून दुभाषी पुरवणाऱ्या कंपन्यांकडे मराठी दुभाषी असतात, फक्त ते आधी ठरवावे लागतात. न सांगता शाळा बऱ्याचदा हिंदी दुभाषी आणते, कारण भारतातून आलात म्हणजे हिंदी चालेल असा समज असतो. तुम्हाला हिंदीत मोकळं बोलता येत असेल तर हरकत नाही. पण मुलाच्या आजाराबद्दल बोलताना आईला जी भाषा सापडते ती हिंदी नसेल, तर मराठीच मागावी.

इंग्रजी येत असलं तरी

ऑफिसात दिवसभर इंग्रजीत काम करणारे कितीतरी वडील या मीटिंगमधून बाहेर पडताना गोंधळलेले असतात. यात कमीपणा काही नाही. "लीस्ट रिस्ट्रिक्टिव्ह एन्व्हायर्नमेंट", "एक्स्टेंडेड स्कूल इयर", "स्टँडर्ड स्कोअर" हे शब्द इंग्रजीत वाढलेल्या पालकांनाही कळत नाहीत. त्यात मुलाबद्दल काहीतरी कठीण ऐकावं लागत असतं, आणि अशा वेळी परकी भाषा आधी हातातून सुटते. शिवाय हक्क दोन्ही पालकांचा आहे. वडिलांना इंग्रजी येतं म्हणून आईला दुभाषी नाही, असं शाळा म्हणू शकत नाही. मुलाबरोबर दिवसभर असते ती बहुतेक घरांत आईच, आणि मीटिंगमध्ये नवऱ्याने अधूनमधून कानात सांगितलेल्या तुटक वाक्यांवर तिला भागवावं लागतं. हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

शाळेत नाव घालताना भरलेला एक फॉर्मही इथे आडवा येतो. होम लँग्वेज सर्व्हेमध्ये घरी कोणती भाषा बोलता असं विचारलेलं असतं. मुलाला इंग्रजी शिकवण्याच्या वेगळ्या वर्गात टाकतील, या भीतीने अनेक मराठी पालक तिथे फक्त "इंग्रजी" लिहितात. मग शाळेच्या नोंदीत हे इंग्रजी बोलणारं घर ठरतं. दुभाषी येत नाही, आणि मुलाचं मूल्यमापनही तो एकभाषिक आहे असं धरून होतं. असं झालं असेल तर शाळेच्या ऑफिसला लिहून ती नोंद बदलून घ्यावी. मूल कोणत्या भाषा बोलतं आणि पालकांना शाळेशी कोणत्या भाषेत बोलायचं आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हेही त्यात स्पष्ट लिहावं.

दुभाषी कोण नसावा

आठवीतल्या बहिणीला भावाच्या मीटिंगमध्ये बसवून "ममाला सांग ना" म्हणणं चुकीचं आहे. शेजारच्या काकूंना किंवा शाळेत काम करणाऱ्या एखाद्या मराठी मदतनीस बाईंना ऐन वेळी बोलावणंही तितकंच चुकीचं. गोपनीयता हे एक कारण झालं. दुसरं कारण आयईपीच्या कागदावरच बघता येतं.

सेवांच्या तक्त्यात एक ओळ असते: स्पीच थेरपी, आठवड्यातून 2 वेळा, 30 मिनिटं, गटात, वर्गाबाहेर. अननुभवी माणूस याचं मराठीत "त्याला स्पीच मिळणार आहे" असं करून मोकळा होतो. सगळे खूश होतात. पण त्या ओळीत निदान चार निर्णय आहेत, आणि प्रत्येकावर पालकांना बोलता येतं. दोनदाच का? एकट्याला का नाही? वर्गाबाहेर नेणार म्हणजे त्या वेळात त्याचा कोणता तास बुडणार? मराठीत ती ओळ जशीच्या तशी आली नाही, तर हे प्रश्न डोक्यात येतच नाहीत.

2015 मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि न्याय खात्यांनी शाळांना एक संयुक्त पत्र पाठवलं होतं. विद्यार्थी, भावंडं, मित्र किंवा प्रशिक्षण नसलेले कर्मचारी यांच्यावर दुभाषाचं काम टाकू नका, आणि दुभाष्याला विशेष शिक्षणातल्या संज्ञा माहीत असाव्यात, असं त्यात म्हटलं होतं. ते पत्र 2025 मध्ये मागे घेतलं गेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये, सरकारी सेवांमध्ये भाषेची सोय करायला सांगणारा 2000 सालचा राष्ट्राध्यक्षांचा आदेशही रद्द झाला. या बातम्या वाचून अनेकांना वाटलं की हक्कच गेला. तसं नाही. पत्र आणि आदेश सरकार बदललं की बदलतात. टायटल सिक्स आणि आयडिया हे काँग्रेसने केलेले कायदे आहेत आणि ते लागू आहेत. कुणी शाळेत सांगितलं की "आता हा नियम नाही", तर आयडियाच्या नियमावलीतलं 300.322 हे कलम दाखवा. मीटिंगच्या दुभाष्याची तरतूद त्यातच आहे.

चाचणी मुलाची, पण माहिती तुमची

मूल्यमापन मुलाच्या भाषेत किंवा ज्यातून खरी माहिती मिळेल अशा पद्धतीने झालं पाहिजे, असा नियम आहे. आणि मूल कुठे कमी पडतंय त्याचं मुख्य कारण इंग्रजी कमी येणं हे असेल, तर त्याला अपंगत्वाच्या गटात घालता येत नाही. पण इंग्रजीत तयार झालेली प्रमाणित चाचणी दुभाष्यामार्फत मराठीत घेतली, तर त्या गुणांना तसा अर्थ राहत नाही. ज्या मुलांच्या आधारे ती बेतलेली असते त्यात तुमच्यासारख्या घरातलं मूल नसतं. म्हणून चांगला थेरपिस्ट आकड्यांबरोबर पालकांशी लांब बोलतो, आणि तिथे दुभाष्याची गरज मीटिंगपेक्षाही जास्त असते.

भाषाविकासाचा खरा विकार असेल तर तो मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो, एकाच भाषेत नाही. समजा अहवालात लिहिलं आहे, की मुलाला "का" विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, आणि आयईपीत उद्दिष्ट ठेवलं आहे, की 5 पैकी 4 वेळा बरोबर उत्तर द्यावं. पण घरी आजीने "का रे रडतोस?" विचारलं की तो "ताईने माझी गाडी घेतली म्हणून" असं सरळ सांगतो. ही एक गोष्ट टीमसमोर आली की चित्र बदलतं. कारण सांगण्याची क्षमता त्याच्यात आहे, अडतं आहे इंग्रजीत. आणि उलटही. मराठीतही त्याला "का" झेपत नसेल, तर तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर "घरी दुसरी भाषा आहे, येईल हळूहळू" म्हणून शाळा वर्षं घालवते. ज्या मुलाला मदत हवी असते त्याचं तेवढं वय निघून जातं.

उच्चारांचंही असंच. मराठीत इंग्रजीच्या "व्ही" आणि "डब्ल्यू" या दोन्ही आवाजांची जागा आपला एक व भागवतो. घरी मराठी ऐकून वाढलेल्या मुलाने "व्हेस्ट" आणि "वेस्ट" सारखंच म्हटलं, तर तो घरच्या भाषेचा परिणाम आहे, उच्चारदोष नाही. थेरपिस्टला हे माहीत असेलच असं नाही. तुम्ही सांगा.

आणि जवळपास प्रत्येक घरात येऊन गेलेला तो सल्ला: "मुलाशी फक्त इंग्रजीतच बोला, दोन भाषांनी तो गोंधळतो." ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत, दोन भाषांमुळे त्यांचा भाषाविकास मागे पडतो असं आढळलेलं नाही. दोन भाषांत वाढणारी अशी मुलं एका भाषेत वाढणाऱ्या तशाच मुलांच्या बरोबरीने शिकतात. उलट, ज्या भाषेत आई रागावते, लाड करते, गोष्टी सांगते ती भाषा बंद केली, तर मुलाच्या वाट्याला येणारं बोलणंच आटतं. आजीआजोबांशी बोलायचं राहून जातं ते वेगळंच. हा सल्ला कोणी कितीही आत्मविश्वासाने दिला, तरी त्यासाठी घरातली मराठी थांबवू नका.

मीटिंगच्या दिवशी

दुभाषी ओळ संपली की बोलतो, त्यामुळे मीटिंगला जवळपास दुप्पट वेळ लागतो. तासाभराचीच वेळ दिली असेल तर आधीच लिहून वाढवून घ्या. मसुदा आणि अहवाल काही दिवस आधी मागा. मुलाची शालेय कागदपत्रं मीटिंगच्या आधी बघण्याचा हक्क तुम्हाला आहे. सुरुवातीला दुभाष्याला सांगा, की सगळं सांगायचं, शाळेची माणसं आपापसात बोलली तेही, सारांश नको. एखादं वाक्य निसटलं तर थांबवा. थांबवायला संकोच वाटतो, सहाजण घड्याळाकडे बघत असतात, तरी थांबवा.

मीटिंग रेकॉर्ड करायची असेल तर राज्याचे आणि डिस्ट्रिक्टचे नियम बघावे लागतात. रेकॉर्डिंगला बंदी असलेल्या ठिकाणीही, पालकांना आयईपी समजण्यासाठी ते गरजेचं असेल तर अपवाद करावा, अशी केंद्राच्या शिक्षण खात्याची जुनी भूमिका आहे. भाषा हे त्यासाठीचं रास्त कारण.

सह्यांचं जरा बारकाईने बघा. एक सही फक्त हजेरीची असते, दुसरी संमतीची. हजेरीची सही करून संमतीचा कागद घरी नेता येतो. "इथेच करून टाका" हा आग्रह असतो, सक्ती नसते. पहिल्यांदा सेवा सुरू करायला मात्र पालकांची लेखी संमती लागतेच, तिच्याशिवाय शाळा पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे समजून घ्यायला वेळ जरूर घ्या, पण कागद महिनोन्महिने पाडून ठेवू नका, कारण तोवर मुलाची थेरपी सुरू होत नाही.

शाळेने नकार दिला तर

दुभाषी तोंडी मागितला आणि तोंडी नाही म्हटलं गेलं, तर हातात काही उरत नाही. म्हणून ईमेलच करावा. साधी, मोडकी वाक्यं चालतात: आम्ही अमुकचे पालक. आमची भाषा मराठी. मीटिंगला मराठीचा प्रशिक्षित दुभाषी हवा आणि आयईपीचा लेखी अनुवाद हवा. देणार नसाल तर तसं प्रायर रिटन नोटिसमध्ये कारणासकट लिहून द्यावं. शेवटच्या वाक्यात बरंच वजन आहे. नकाराचं कारण कागदावर लिहायची वेळ आली, की अनेकदा दुभाषी सापडतो.

तरीही झालं नाही तर राज्याच्या शिक्षण विभागाकडे तक्रार करता येते. घटना घडल्यापासून एका वर्षाच्या आत ती करावी लागते, आणि विभागाने साधारणपणे 60 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. वकील लागत नाही. केंद्राच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे टायटल सिक्सखाली 180 दिवसांच्या आत तक्रार करता येते, पण 2025 मध्ये त्यांची 12 पैकी 7 प्रादेशिक कार्यालयं बंद झाली, त्यामुळे सध्या मी आधी राज्याचं दार ठोठवायला सांगेन. ड्यू प्रोसेस सुनावणीचा, म्हणजे तटस्थ अधिकाऱ्यासमोरच्या औपचारिक सुनावणीचा, मार्गही आहे, त्याची मुदत सहसा दोन वर्षांची. तो लांबचा आणि खर्चाचा आहे. या सगळ्याच्या आधी आपल्या राज्यातल्या पेरेंट ट्रेनिंग अँड इन्फर्मेशन सेंटरला फोन करावा. केंद्राच्या पैशावर चालणारं असं निदान एक केंद्र प्रत्येक राज्यात आहे. मदत फुकट असते, आणि तिथे काम करणाऱ्यांत अपंग मुलांचे पालक बरेच असतात.

दिवस मोजायला कुठून सुरुवात होते, हेही माहीत असू द्या. केंद्राच्या नियमानुसार मूल्यमापन 60 दिवसांत पूर्ण व्हावं लागतं, राज्याने स्वतःची वेगळी मुदत ठेवली नसेल तर. न्यू जर्सीत संमतीपासून 90 दिवसांत मूल्यमापन होऊन आयईपी लागू व्हावा लागतो. हे दिवस मोजले जातात ते मूल्यमापनाची तुमची सही केलेली संमती शाळेला मिळाल्याच्या तारखेपासून, शिक्षिकेशी फाटकात बोललात त्या दिवसापासून नाही. म्हणून तो पहिला फॉर्म मराठीत समजावून घ्या, सही करा, त्यावर तारीख घाला आणि एक प्रत घरी ठेवा.